तिनाचे बावन्न

भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगला की निम्मे काम झाले, अशी माझी जुनी समजूत आहे. मुले नकाशात रमतात आणि मास्तरला घटकाभर विसावा मिळतो. परंतु गेल्या पावसाळ्यात या समजुतीला जबर धक्का बसला. सहावीच्या वर्गात मी दळणवळणाचा धडा शिकवीत होतो. कपाटातला जुना, कडा कुरतडलेला रस्त्यांचा नकाशा काढून टांगला, छडी मुंबईवर ठेवली आणि ती नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर अशी वर सरकवीत नेली. "हा आपल्या गावावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३."

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचा बाप मालमोटारीवर ड्रायव्हर आहे. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा नकाशा खोटा आहे. तीन नंबर कुठेच नाही. माझा बाप दर आठवड्याला इंदूरला गाडी नेतो. पाटीवर बावन्न लिहिलंय."

वर्ग हसला. मीही हसलो, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुलाचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि ते मला ठाऊकही होते. रोज त्याच पाटीखालून मी सायकल रेटीत शाळेत येतो. तरीही तोंडातून तीनच निघाला. तो का निघाला, हे त्या मुलाला सांगायचे तर तासाची घंटा पुरली नसती. दिवाळी अंकाची पाने जरा ऐसपैस असतात, म्हणून येथे सांगतो.

माझे आजोबा या रस्त्यावर मैलकुली होते. हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका टोळीच्या ताब्यात असे. खड्डे बुजवायचे, कडेच्या मुरमाच्या पट्ट्या नीट ठेवायच्या, गटारी मोकळ्या करायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, ही त्या टोळीची कामे. आजोबांच्या वाट्याला सावळद्याच्या तापीपासून शिरपूरच्या अलीकडचा तुकडा होता. दिवाळीच्या आधी त्यांना एक खास काम मिळे, ते म्हणजे मैलाचे दगड रंगवण्याचे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, खालचे अंग पांढरे. राज्य मार्गाचा माथा हिरवा, गावरस्त्यांचा नारिंगी. हा भेद आजही तसाच आहे. वाचकांनी पुढच्या प्रवासात खिडकीतून पाहावे, म्हणजे आपण कोणाच्या रस्त्यावरून चाललो आहोत ते कोणाला न विचारता कळेल.

आजोबांना अक्षरओळख नव्हती. दगडावरची अक्षरे मात्र छिन्नीने कोरलेली असत आणि त्या खाचांतून काळा रंग फिरवावा लागे. कुंचला खाचेतून फिरवता फिरवता त्यांचा हात ती वळणे शिकला. 'शिरपूर', 'धुळे' हे दोन शब्द आणि माथ्यावरचा '३' एवढे त्यांना लिहिता येई. सही करायची वेळ आली तर अंगठाच. पण मला मांडीवर घेऊन अंगणातल्या धुळीत त्यांनी जो पहिला आकडा गिरवून दाखवला, तो एक नव्हता, तीन होता. पुढे शाळेत गेल्यावर एकापासून मोजायचे असते हे ऐकून मी चकित झालो होतो म्हणतात.

आजोबांच्या हयातीत एक बदल आधीच होऊन गेला होता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धती आली आणि साठ सालानंतर रस्त्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले. जुने दगड उपटले, नवे रोवले. मैल गेले, पण मैलकुली हे नाव राहिले! आजोबा शेवटपर्यंत मैलांतच मोजत. रस्त्याला ते आकड्याने कधीच हाक मारीत नसत. मी विचारले तर आमच्या अहिराणीत म्हणायचे, "हाऊ रस्ता आग्राले जास. तठे बादशा ऱ्हाये." हा रस्ता आग्र्याला जातो, तिथे बादशहा राहायचा. स्वतः ते सेंधव्याच्या पुढे कधी गेले नाहीत.

बादशहाच्या काळी मात्र आजचा रस्ता नव्हता. तेव्हाचा मोठा रस्ता आमच्या मुलखातून उभा नव्हे तर आडवा जाई. सुरत बंदरात उतरलेला माल आणि माणसे नवापूर, नंदुरबार, तापीकाठचे थाळनेर, चोपडा, रावेर असे करीत बऱ्हाणपूरला पोहोचत आणि तेथून उत्तरेला आग्र्याकडे वळत. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासात हेच मुक्काम नोंदवले आहेत. नावे त्याने अशी काही मोडतोड करून लिहिली आहेत की नंदुरबारकराला नंदुरबार ओळखू येऊ नये, पण क्रम बरोबर आहे. थाळनेर आज शिरपूर तालुक्यातले एक शांत गाव आहे. नदीच्या काठी किल्ल्याचे अवशेष आणि फारुकी राजांच्या कबरी एवढेच तेथे पाहुण्याला दाखवता येते. पण चौदाव्या शतकात मलिक राजाने खानदेशचे राज्य येथून चालवले, आणि शिरपूरचे नाव तेव्हा कोणी घेत नव्हते.

थाळनेरचे दिवस २७ फेब्रुवारी १८१८ ला संपले. होळकरांशी झालेल्या तहाने खानदेशातले किल्ले इंग्रजांकडे गेले होते. सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेर ताब्यात घ्यायला आली, दरवाजात चकमक उडाली, काही इंग्रज अधिकारी पडले आणि मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आले. या फाशीवरून पुढे विलायतेतही बरीच बोलाचाली झाली. ती झाली म्हणून थाळनेर उठले नाही. कारण त्यानंतर इंग्रजांनी जो रस्ता बांधायला घेतला, तो थाळनेरला वळसा घालून गेला.

हाच आपला आग्रा रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो तयार झाला. इंग्रजांचे घर आता सुरतेत नव्हते, मुंबईत होते. म्हणून रस्ताही मुंबईहून निघाला. नाशिक, मालेगाव, धुळे, सोनगीर, मग तापी ओलांडून शिरपूर, आणि पळासनेरवरून सातपुडा चढून सेंधवा. पूर्वीचा आडवा रस्ता तापीला धरून चालत असे. हा तिला काटकोनात छेदून गेला. नदीकाठच्या गावांचे महत्त्व गेले आणि जेथे रस्ता नदी ओलांडतो त्या जागेजवळच्या गावाला ते आले. शिरपूरकरांना आपल्या बाजारपेठेचा अभिमान आहे, आणि तो असावाच, पण त्यातला अर्धा मान त्या अनाम इंग्रज इंजिनिअरच्या फूटपट्टीला द्यायला हवा. आडवा रस्ता अगदीच मेला नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता म्हणून शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा तो अजून चालतो. पण शिरपुरात कोणालाही 'हायवे कुठे?' म्हणून विचारा, बोट उभ्या रस्त्याकडेच जाईल.

या रस्त्याला पहिल्यापासून राखणदार लागले. सेंधव्याचा घाट म्हणजे दाट झाडी आणि अरुंद वाट. तेथे वाटसरूंच्या रक्षणासाठी सरकारने भिल्ल नाईकांनाच नेमले होते. खाज्या नाईक हा असाच घाटाचा राखणदार. १८५७ मध्ये तो उलटला, आणि ज्या रस्त्याची राखण त्याने वर्षानुवर्षे केली होती त्याच रस्त्यावरून चाललेला सात लाखांचा खजिना त्याच्या लोकांनी लुटला. पुढे एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल मेले, पुष्कळ पकडले गेले. रस्ता कोणाचा, हा प्रश्न आमच्याकडे असा एकदा बंदुकीने विचारला गेला होता.

मग हा तीनाचा आकडा आला कोठून? त्याची गोष्ट सुरू होते आपल्या एका मराठी माणसापासून. मोटारी वाढल्या, बैलगाड्यांसाठी बांधलेले रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले, तेव्हा १९२७ साली सरकारने रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्ते हे एकट्या प्रांताचे किंवा लोकल बोर्डाचे काम नव्हे, काही रस्ते साऱ्या देशाचे आहेत, असे या समितीने सांगितले. १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांचा मध्यवर्ती निधी उभा राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, देशातले मुख्य इंजिनिअर नागपुरास जमले. त्यांनी रस्त्यांच्या पायऱ्या ठरवल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. शेतीने भरलेल्या मुलखात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असेही त्यांनी लिहून ठेवले. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला आणि १५ एप्रिल १९५७ पासून अमलात आला. त्याला जोडलेल्या यादीत आमचा रस्ता तिसरा: आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे, मुंबई.

त्या यादीत पहिला रस्ता दिल्ली-अमृतसर, दुसरा दिल्ली-कलकत्ता, चौथा ठाण्याहून पुणे-बेळगाववरून मद्रासला, आठवा दिल्ली-मुंबई. मोठी शहरे धरली, त्यांना जोडणारे रस्ते धरले आणि आकडे देत गेले. सहावा आमच्या धुळ्यापासूनच निघे आणि जळगाव, नागपूर, रायपूर करीत कलकत्त्याला जाई. पुढे त्याचे पश्चिमेचे टोक सुरतेच्या बाजूस हजिऱ्यापर्यंत वाढवले. तीन आणि सहा धुळ्यात एकमेकांना भेटत. अलीकडे त्यात सोलापूरहून येणारा २११ क्रमांकाचा रस्ताही मिळाला होता. नवे महामार्ग जसजसे जाहीर झाले तसतसे शेवटच्या आकड्यापुढे आकडे चढत गेले, आणि पन्नासेक वर्षांत असे झाले की आकड्यावरून रस्ता देशाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना.

म्हणून २०१० साली सरकारने सगळी पाटी पुसली. नवा नियम सोपा आहे, आणि मी तो त्या बंडखोर वर्गाला शाळेच्या पटांगणात उभे करून शिकवला. दक्षिणोत्तर उभ्या रस्त्यांना सम आकडे. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम आडव्या रस्त्यांना विषम आकडे. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. चार मुले उभी केली: नागपूरवरून जाणारा ४४, धुळ्याचा ५२, नाशिकवरून पुण्याला जाणारा ६०, कोकणातला ६६. बरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे. मग तीन मुले आडवी निजवली: नागपूर-जळगाव-धुळे ५३, कल्याण-अहिल्यानगर-नांदेड ६१, पुणे-सोलापूर ६५. बरोबर उत्तरेकडून दक्षिणेकडे. मुलांना खेळ आवडला. निजलेल्यांना फारच आवडला.

तेवढ्यात एकीने विचारले, "मग मुंबई-पुणे-कोल्हापूरचा ४८ कसा? तो तर धुळ्याच्याही पश्चिमेला आहे." मी डोके खाजवले. माझी समजूत अशी, की तो रस्ता दिल्लीहून निघतो, आणि त्या टोकाला पाहिले तर ४४ आणि ५२ यांच्या मध्ये त्याची जागा बसते. पुढे तो राजस्थान, गुजरात, मुंबई असा भटकून चेन्नईला जातो त्याला कोण काय करणार? शिस्तीच्या घरातही एखादे पोर असे निघतेच.

शाखांचेही गणित आहे. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, आणि त्याहून लहान फाट्यांना पुढे अक्षर. जळगावहून अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता ७५३ एफ. म्हणजे तो ५३ च्या कुळातला, हे आईबापांच्या नावावरून मूल ओळखावे तसे कळते. अमेरिकेने १९२६ मध्ये असेच जाळे आखले होते. आकडे तेथेही पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाढतात, फक्त उभ्यांना विषम आणि आडव्यांना सम. इंग्लंडची तऱ्हा निराळी. लंडनमधून निघणाऱ्या मोठ्या रस्त्यांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकापासून आकडे दिले. म्हणजे सारा देश राजधानीकडे तोंड करून बसलेला. आपल्या नव्या पद्धतीत कोणतेच शहर मध्यभागी नाही, दिल्लीसुद्धा नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

पण या अदलाबदलीत आमच्या धुळे जिल्ह्यावर जो प्रसंग गुदरला, तो ऐकण्यासारखा आहे. आमचा ३ क्रमांक गेला पंजाबच्या अटारी सरहद्दीपासून मनालीवरून लेहला जाणाऱ्या रस्त्याकडे. खानदेशच्या उन्हात पन्नास वर्षे तापलेला आकडा आता बर्फात थंड होत बसला आहे. आमचा ६ गेला मेघालयातून मिझोरामकडे. आणि आम्हांला मिळालेले ५२ आणि ५३? तेही ईशान्येकडूनच आले! ५२ पूर्वी आसामातून अरुणाचलाकडे जाणाऱ्या रस्त्याचा होता आणि ५३ आसामातून इंफाळला जाणाऱ्याचा. जणू धुळ्याने आणि ईशान्य भारताने भाऊबीजेची ओवाळणी एकमेकांना दिली, आणि दोघांपैकी कोणालाच ते कळले नाही.

'तीन तिगाडा, काम बिगाडा' म्हणणारे आमचे एक शेजारी खूश झाले. म्हणाले, "रस्ता आता बावनकशी झाला." पण आकडा बदलला तेव्हा केवळ रंग बदलला नाही, रस्त्याचा मार्गही बदलला. जुना तीन आग्र्याहून निघून मुंबईला पोहोचत असे. नवा ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो. जयपूर, कोटा, इंदूर, शिरपूर, धुळे येथवर येतो आणि धुळ्यात मुंबईची वाट सोडून चाळीसगाव, कन्नड, छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सोलापूर, विजापूर, हुबळी असा कर्नाटकात अंकोल्याच्या समुद्राला मिळतो. शिरपूरच्या माणसाने आकडाच धरून चालायचे ठरवले तर त्याला ना आग्रा दिसेल ना मुंबई. आग्र्याला जायचे तर ब्यावऱ्यापर्यंत ५२, पुढे ग्वाल्हेरपर्यंत ४६, मग ४४. मुंबईला जायचे तर धुळ्याला ६० पकडायचा, नाशिकच्या पुढे आणखी निराळे. एकसंध कापडाचे असे चार-पाच तुकडे झाले. मात्र एक लाभ झाला आहे, तो आमच्या बायकामंडळींच्या अजून ध्यानात आलेला दिसत नाही: शिरपूर आणि तुळजापूर आता एकाच क्रमांकावर आहेत. देवीला जाताना फाटा शोधायला नको.

लोकांनी या सगळ्याकडे काणाडोळा केला. धुळ्याच्या मुख्य बाजारपेठेला आजही आग्रा रोड म्हणतात. तेथे दिवाळीची खरेदी करणाऱ्या बाईला क्रमांक विचारून पाहावा. मुंबईत शीवपासून ठाण्याकडे जाणाऱ्या त्याच रस्त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले तरी जुनी माणसे अजून आग्रा रोडच म्हणतात. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ उतारावर एक कंटेनर गाड्यांवर आदळून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि दहाएक माणसे गेली, तेव्हाही बातम्यांत नाव आले ते मुंबई-आग्रा महामार्गाचेच. त्या दिवशी आमच्या शाळेत हजेरी घेताना माझा आवाज फुटेना. त्या बाजूच्या पाड्यांवरची कितीतरी मुले तो रस्ता ओलांडून बसला उभी राहतात. शिरपूरला आजवर आगगाडी नाही. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आहे, ती गाडी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आमचे येणे, जाणे, दवाखाना, बाजार, लग्न, सगळे या एका रस्त्यावर.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची निंबाची आणि वडाची झाडे गेली आणि जुने दगडही गेले. बहुतेक भरावात गाडले गेले. आजोबा त्याआधीच वारले होते, हे बरे झाले. पण त्यांच्या तुकड्यातला एक दगड एका शेतकऱ्याने बांधावर नेऊन ठेवला होता, बैल खाजवायला उपयोगी म्हणून. त्या मुलाने 'नकाशा खोटा' म्हटल्यानंतर मला त्याची आठवण झाली. शेतकऱ्याला विचारले, तो म्हणाला, "न्या की, माझ्याकडे आता बैल कुठे आहेत!" दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या शनिवारी आम्ही तो बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरवर घालून शाळेच्या फाटकाशी आणून रोवला.

मुलांनी घासून माती काढली. पिवळ्या रंगाचे पापुद्रे एकाखाली एक निघत गेले. माझ्या हिशेबाने त्यांतले निदान वीस तरी आजोबांच्या हातचे असतील. खाली 'शिरपूर' आणि वर '३' अजून स्पष्ट होते. मी कुंचला त्या ड्रायव्हरच्या मुलाच्या हातात दिला. त्याने जीभ बाहेर काढून, खाचेबाहेर थेंब न सांडता तीन भरला. मग मान तिरपी करून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, बावन्न कुठे लिहू?"

तिनाच्या खाली वीतभर जागा मोकळी होती. तेथे त्याने तो लिहिला. कोरायला छिन्नी नव्हती, नुसता रंगानेच लिहिला, जरा वाकडा आला. रंगाचा दुकानदार म्हणाला, दगडावर हा रंग दोन पावसाळ्यांपलीकडे टिकायचा नाही.